ऐकू येण्याचा उंबरठा

"आमच्याकडे रात्री इतकी शांतता असते की पान पडलेलं ऐकू येतं," असे खेड्यातली माणसे शहरातल्या पाहुण्याला कौतुकाने सांगतात. पान पडल्याचा आवाज जर कानाला कळत असेल, तर त्याहून निम्मा आवाज कळेल का? त्याच्याही निम्मा? असे खाली खाली जात राहिले तर कुठे तरी एक जागा यायलाच हवी. त्या जागेच्या अलीकडे आवाज असूनही आपल्यापुरता तो नसतोच, आणि पलीकडे तो आपल्याला ऐकू येऊ लागतो. शास्त्रज्ञांनी या जागेला मोठे घरगुती नाव दिले आहे. ते तिला उंबरठा म्हणतात. मूळ जर्मन शब्दाचा अर्थही दाराचा उंबरठा असाच आहे.

हा उंबरठा मोजायचा कसा, हे मला आज सांगायचे आहे. विषय प्रयोगशाळेतला वाटेल. पण शिक्षक बंधुभगिनींनो, तो तुमच्या वर्गातलाच आहे. जवळजवळ प्रत्येक शाळेत मागच्या बाकावर एखादा मुलगा असतो. हाक मारली तर तो दुसऱ्यांदा बघतो. शुद्धलेखनात भलतेच शब्द लिहितो. प्रश्न विचारला की शेजाऱ्याच्या तोंडाकडे पाहतो. आपण त्याला 'ढ' म्हणून मोकळे होतो. त्याची बुद्धी तल्लख असेल, पण त्याच्या कानाचा उंबरठा थोडा उंच असेल, आणि तुमची अर्धी वाक्ये त्या उंबरठ्याला ठेचकाळून बाहेरच राहत असतील, तर? मग 'ढ' कोण, हा प्रश्न थोडा अवघड होतो. तेव्हा हे मापन नीट व्हायला हवे. आणि लहान मूल चुळबुळ करू लागण्याच्या आत, पाचदहा मिनिटांत व्हायला हवे. इथेच खरी गोम आहे.

आधी एक गैरसमज दूर करू. घराचा उंबरठा लाकडाचा किंवा दगडाचा असतो. तो काल होता तिथेच आज असतो. कानाचा किंवा डोळ्याचा उंबरठा तसा नाही. अगदी पुसट आवाज एकाच माणसाला, एकाच खोलीत, दहा वेळा ऐकवला तर तो चार वेळा "आला" म्हणेल आणि सहा वेळा "नाही आला" म्हणेल. तो काही खोटे बोलत नसतो. श्वास, रक्ताचा ओघ, क्षणभर दुसरीकडे गेलेले मन या सगळ्यांची एक बारीक कुजबूज आत सतत चाललेली असते, आणि पुसट आवाजाला तिच्यातून वाट काढावी लागते.

डोळ्याच्या बाबतीत याचा फार सुंदर पुरावा आहे. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात सेलिग हेक्ट, सायमन श्लेअर आणि मॉरिस पिरेन या तिघांनी १९४२ साली आपले प्रयोग प्रसिद्ध केले. माणसाला बराच वेळ काळोखात बसवून, डोळे काळोखाला सरावले की एका सेकंदाच्या हजाराव्या भागापुरती हिरवट उजेडाची ठिणगी ते त्याला दाखवीत. दिसायला किती उजेड लागतो? डोळ्याच्या पृष्ठभागावर सुमारे ५४ ते १४८ प्रकाशकण पडावे लागतात, आणि त्यांतले जेमतेम ५ ते १४ कण आतल्या पडद्यावर खरोखर कामी येतात, असा त्यांचा हिशोब निघाला. इतक्या थोड्या कणांचा मामला असला की कधी दोन जास्त पोचतात, कधी दोन कमी. म्हणून तीच ठिणगी कधी दिसते, कधी दिसत नाही. हा दोष बघणाऱ्याच्या डोळ्याचा नाही. उजेडच दाण्यादाण्यांनी येतो.

तर मग उंबरठा म्हणायचे कशाला? शास्त्रज्ञांनी व्यवहारी तोड काढली. जो आवाज निम्म्या वेळा ऐकू येतो आणि निम्म्या वेळा येत नाही, तो उंबरठ्यावरचा आवाज. पाऊल धड आत नाही, धड बाहेर नाही, असा.

आता मोजायचे कसे? या विद्येचा पाया घातला जर्मनीतल्या लाइपझिगच्या गुस्टाव थिओडोर फेख्नर यांनी. ते मूळचे पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक. बाहेरच्या वस्तूचे मोजमाप आणि मनातल्या संवेदनेचे मोजमाप यांची सांगड घालता येईल, असे त्यांच्या मनाने घेतले, आणि १८६० साली त्यांनी यावर मोठा ग्रंथ लिहिला. मन मोजता येणार नाही असे त्या काळी विद्वान म्हणत असत. फेख्नर यांनी मन मोजायला घेतलेच नाही. "आला" आणि "नाही आला" या दोन उत्तरांची मोजदाद करायला घेतली. त्यांनी नीट मांडून दाखवलेल्या पद्धतींपैकी सर्वांत भरवशाची पद्धत अशी: आवाजाच्या काही पायऱ्या आधीच ठरवायच्या, प्रत्येक पायरी पुष्कळ वेळा उलटसुलट क्रमाने ऐकवायची, आणि कोणती पायरी शंभरात किती वेळा ऐकू आली याचा तक्ता मांडायचा.

पद्धत चोख आहे, पण खर्चिक. समजा, नऊ पायऱ्या घेतल्या आणि प्रत्येक वीस वेळा ऐकवली. झाले एकशेऐंशी प्रश्न! तेही एका कानासाठी, एकाच स्वरासाठी. दोन कान आणि सहा स्वर म्हटले तर दोन हजारांवर प्रश्न झाले. प्रयोगशाळेत पगारी विद्यार्थी बसेल एक वेळ. दुसरीतले पोर बसेल का? आणि त्याहून वाईट म्हणजे यांतले बहुतेक प्रश्न वायाच जातात. सर्वांत मोठा आवाज वीसच्या वीस वेळा ऐकू येतो, आणि सर्वांत लहान एकदाही येत नाही. ज्याचे उत्तर आधीच ठाऊक आहे असा प्रश्न वीस वेळा विचारून कोणते ज्ञान पदरात पडले? ज्ञान मिळते ते मधल्या दोनतीन पायऱ्यांवर, जिथे उत्तर काय येईल याची खात्री नसते. पण त्या मधल्या पायऱ्या कुठे आहेत हे आधी कळत नाही. तेच तर शोधायचे आहे.

ही अडचण सुटली एका साध्या विचाराने. सगळे प्रश्न आधी ठरवून ठेवू नका. एक प्रश्न विचारा, आणि त्याचे उत्तर आले की त्या उत्तरालाच पुढचा प्रश्न ठरवू द्या. ऐकू आले? आवाज कमी करा. नाही आले? वाढवा. अशाने तुम्ही आपोआप उंबरठ्याच्या आसपास घोटाळत राहता, आणि जवळजवळ प्रत्येक प्रश्न कामाचा ठरतो.

ही युक्ती हिशोबाच्या पक्क्या पायावर प्रथम बसली ती कानासाठी नव्हे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत, पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या ब्रूसटन या ठिकाणी स्फोटक द्रव्यांची एक प्रयोगशाळा होती. एखादे द्रव्य किती धक्क्याने पेट घेते हे तिथे तपासत. ठराविक वजन उंचावरून द्रव्याच्या नमुन्यावर पाडायचे. स्फोट झाला तर पुढच्या खेपेला उंची एक पायरी कमी. नाही झाला तर एक पायरी जास्त. नमुना एकदाच वापरता येतो, म्हणून प्रत्येक खेप मोलाची. या 'वर-खाली' पद्धतीचे गणित डिक्सन आणि मूड या दोघा संख्याशास्त्रज्ञांनी १९४८ साली प्रसिद्ध केले. स्फोटकाचा उंबरठा आणि कानाचा उंबरठा यांत गणिताच्या दृष्टीने काही फरक नाही: दोन्हीकडे उत्तर हो किंवा नाही, आणि दोन्हीकडे शोध निम्म्या-निम्म्याच्या जागेचा.

जवळजवळ त्याच सुमारास हीच कल्पना कानाच्या तपासणीत आली, आणि ती आणणारा माणूस होता मोठा कल्पक. त्यांचे नाव गेओर्ग फॉन बेकेशी. जन्म बुडापेस्टचा, १८९९ सालचा. हंगेरीच्या टपाल खात्याच्या टेलिफोन प्रयोगशाळेत ते काम करीत. टेलिफोन चांगला करायचा तर ज्या कानाला तो लावायचा तो कान कसा चालतो हे आधी कळायला हवे, या विचाराने ते कानाकडे वळले, आणि मग आयुष्यभर कानाचेच झाले. अंतःकर्णातल्या शंखासारख्या नळीत आवाजाची लाट कशी पुढे सरकते हे त्यांनी दाखवून दिले, आणि त्याबद्दल त्यांना १९६१ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. मला आज सांगायचे आहे ते मात्र त्यांच्या एका यंत्राविषयी. त्याचे वर्णन त्यांनी १९४७ साली प्रसिद्ध केले.

श्रोतेहो, ज्या रेडिओला फिरवायचे बटण आहे, त्यावर तुम्ही केंद्र कसे लावता ते आठवा. बटण फिरवत जाता, आवाज स्पष्ट होतो, आणखी फिरवले की पुसट होऊ लागतो. मग तुम्ही उलट फिरवता. पुन्हा स्पष्ट, पुन्हा पुसट. दोन्ही बाजूंच्या कडा कळल्या की त्यांच्या मधोमध काटा ठेवता. बेकेशी यांनी जवळजवळ हेच बटण तपासल्या जाणाऱ्या माणसाच्या हातात दिले. कानाला लावायच्या ध्वनिग्राहकातून एक स्वर येतो. "ऐकू येतो तोवर कळ दाबून धरा, ऐकू येईनासा झाला की सोडा," एवढेच त्याला सांगायचे. कळ दाबलेली असते तोवर स्वर आपोआप लहान लहान होत जातो. सोडली की तो पुन्हा मोठा होऊ लागतो. ऐकू आला की माणूस पुन्हा दाबतो. इकडे एक लेखणी कागदावर या सगळ्या चढउताराची करवतीच्या दातांसारखी रेघ काढत असते, आणि त्याबरोबरच स्वराची पट्टीही हळूहळू खालच्या सुरापासून वरच्या सुराकडे सरकत असते. दात संपले की त्यांच्या मधोमध एक रेघ ओढायची. तोच त्या माणसाच्या ऐकण्याचा उंबरठा, खर्जापासून तारस्वरापर्यंत, एका कागदावर! प्रश्न विचारणारा तपासनीस जवळजवळ नाहीसाच झाला. माणसाचे उत्तरच यंत्र चालवू लागले.

आपल्या जिल्ह्याच्या रुग्णालयात मुलाचा कान तपासतात तेव्हा बहुधा याहून साधी पद्धत वापरतात. ह्यूसन आणि वेस्टलेक यांनी ती १९४४ साली सुचवली, आणि कारहार्ट व जर्गर यांनी १९५९ साली तिला नीटनेटके रूप दिले. तिचा नियम तोंडपाठ करण्याइतका सोपा आहे: ऐकू आले तर दहा उतरा, नाही आले तर पाच चढा. हे दहा आणि पाच म्हणजे डेसिबल. डेसिबल हे आवाजाचे माप. निरोगी कानाच्या तरुण माणसांना सरासरीने जेमतेम ऐकू येणारा स्वर म्हणजे या यंत्रावरचे शून्य. म्हणजे शून्यावर शांतता नसते, शून्यावर उंबरठा असतो. आणि दर दहा डेसिबलला स्वराची शक्ती दसपट होते, वीसला शंभरपट.

आता एक नमुना पाहू. कागद-पेन्सिल घेतलीत तर बरे. पहिला स्वर चाळीसवर दिला. मुलाने हात वर केला. दहा उतरून तीस, आला. वीस, नाही आला. आता पाचपाचने चढायचे. पंचवीस, नाही. तीस, आला. आला म्हणून दहा उतरलो: वीस, नाही. पंचवीस, आला! पुन्हा दहा उतरून पंधरा, नाही. वीस, नाही. पंचवीस, आला. थांबा. चढताना पंचवीसवर आपण तीनदा पोचलो, आणि त्यांतले दोनदा त्याने ऐकले. चढत्या खेपांपैकी निम्म्या किंवा अधिक वेळा जो सर्वांत लहान स्वर ऐकू आला तो उंबरठा, असा नियम. म्हणजे या कानाचा उंबरठा या स्वराला पंचवीस डेसिबल. प्रश्न किती झाले? अवघे दहा. मघाच्या एकशेऐंशीशी ताडून पाहा. अर्थात दहा प्रश्नांचे उत्तर तितके बारीक नसते, ते पाच डेसिबलच्या पायरीपुरतेच असते. पण वैद्याला पुढचे पाऊल ठरवायला ते पुरते.

इथवर सारे सोपे वाटले असेल. पण समोर बसलेले माणूस काही स्फोटकाचा नमुना नव्हे. त्याला डोके असते. स्वर ठराविक अंतराने येऊ लागले की त्याला ताल सापडतो, आणि स्वर आला नाही तरी हात वर जातो. म्हणून तपासनीस मधली अंतरे मुद्दाम कमीजास्त ठेवतो. शिवाय 'आता कमी होणार, आता वाढणार' हे जिन्यासारखे चढणे-उतरणेही हुशार माणसाच्या ध्यानात येते. टॉम कॉर्नस्वीट या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६२ साली यावर एक उपाय लिहून ठेवला: एकाऐवजी दोन जिने चालू ठेवा, एक वरून सुरू झालेला आणि एक खालून, आणि प्रश्न कधी या जिन्यावरचा तर कधी त्या जिन्यावरचा विचारा. मग पुढे काय येणार हे ऐकणाऱ्याला ताडता येत नाही. आणि दोन्ही जिने शेवटी एकाच उंचीवर येऊन भेटले तर मोजणीवर भरवसाही बसतो.

याहूनही नाजूक अडचण आहे ती स्वभावाची. एक मूल धीट असते, किंचित भास झाला की "आला, आला!" म्हणते. दुसरे लाजाळू असते. पुरती खात्री पटेपर्यंत हात वर करत नाही. दोघांचे कान सारखेच असले तरी उंबरठे वेगळे निघतील. म्हणजे आपण कान मोजला की धीटपणा मोजला? शिक्षकांना हे वेगळे सांगायला नको. "समजलं का?" असे वर्गाला विचारले की समजलेली लाजाळू मुले गप्प बसतात आणि न समजलेली धीट मुले माना डोलावतात.

यावर तोड अशी. "आला का?" असे विचारायचेच नाही. दोन क्षण दाखवायचे, पहिला आणि दुसरा. स्वर त्यांतल्या एकातच असतो. "कुठल्या वेळी वाजला, पहिल्या की दुसऱ्या?" असे विचारायचे, आणि खात्री नसली तरी उत्तर द्यायलाच लावायचे. आता लाजाळूपणाला वाव उरत नाही. उत्तर बरोबर तरी असते किंवा चूक तरी. मात्र नुसते अंदाजाने ठोकले तरी निम्मी उत्तरे बरोबर येतात. त्यामुळे निम्म्याची जागा शोधून चालणार नाही, तिच्या वरची जागा शोधायला हवी.

हॅरी लेविट यांनी १९७१ साली यासाठी जे नियम नीट मांडले, त्यांतला एक असा: लागोपाठ दोन उत्तरे बरोबर आली तरच एक पायरी उतरा, एक जरी चुकले तरी एक पायरी चढा. हा जिना कुठे स्थिरावेल? जिथे उतरण्याची आणि चढण्याची शक्यता सारखी, म्हणजे निम्मी-निम्मी, तिथे. लागोपाठ दोन बरोबर येण्याची शक्यता निम्मी व्हायला एकेक उत्तर शंभरात सुमारे एकाहत्तर वेळा बरोबर यावे लागते. वरच्या वर्गांना गणित शिकवणाऱ्यांनी ताडून पाहावे: ०.७०७ ला ०.७०७ ने गुणले की जवळजवळ ०.५ येतात. नियम एवढासा बदलला आणि जिना बरोबर हव्या त्या जागी जाऊन थांबला.

पुढे संगणक आला. वॉटसन आणि पेली या दोघांनी १९८३ साली सांगितलेल्या पद्धतीत संगणक प्रत्येक उत्तरानंतर आतापर्यंतची सगळी उत्तरे एकत्र तोलतो. उंबरठा बहुधा कुठे असावा याचा नवा अंदाज बांधतो, आणि पुढचा प्रश्न नेमका तिथेच विचारतो. यंत्रे बदलली, गणित वाढले. विचार मात्र तोच राहिला.

आता परत वर्गात येऊ. पंचवीस किंवा तीस डेसिबलचा उंबरठा असलेले मूल बहिरे नसते. घरी आई जवळून बोलली की त्याला ऐकू येते, म्हणून घरच्यांना शंका येत नाही. पण वर्गात तुम्ही फळ्याकडे तोंड करून बोलता, बाहेर पाऊस पत्र्यावर वाजत असतो, आणि शेजारच्या वर्गात पाढे चालू असतात. अशा वेळी त्याच्या हाती वाक्याचे तुकडे लागतात. काही मुलांना खालचे सूर चांगले ऐकू येतात आणि वरचेच येत नाहीत. आ, ओ, ऊ हे स्वर भरदार आणि खालच्या सुरात असतात. स, श, फ यांसारखे वर्ण बारीक आणि वरच्या सुरात. अशा मुलाला तुम्ही बोलता हे कळते, काय बोलता ते कळत नाही. म्हणून तर कानाची तपासणी एकाच स्वरावर करून भागत नाही. आणि म्हणूनच 'ऐकू येतं की हो त्याला, हाक मारली की बघतो' एवढ्यावर समाधान मानू नये.

कोणत्या खुणांकडे लक्ष ठेवावे? मूल वारंवार "काय?" म्हणते. एकच कान पुढे करते. बोलणाऱ्याच्या ओठांकडे टक लावून बघते. पाहून लिहिताना चुकत नाही, पण सांगितलेले लिहिताना चुकते. कान फुटतो, म्हणजे कानातून पू किंवा पाणी येते. सर्दीपडशात त्याचे लक्ष उडते आणि नंतर ठीक होते. यांपैकी काही दिसले तर शाळेतच एक साधी परीक्षा घेता येते. शांत खोली निवडा. मुलाच्या मागे हातभर अंतरावर उभे राहा, म्हणजे त्याला ओठ दिसणार नाहीत. त्याचा एक कान बोटाने हलकेच बंद ठेवा. आधी श्वास पूर्ण सोडा, म्हणजे कुजबूज फार मोठी होणार नाही. आणि मग कुजबुजत तीन गोष्टी म्हणा, जसे "चार, क, दोन". मुलाने त्या परत म्हणायच्या. तिन्ही बरोबर आल्या तर तो कान बहुधा ठीक. नाही आल्या तर दुसऱ्या तीन म्हणा. सहांपैकी तीनही बरोबर आल्या नाहीत, तर मुलाला तपासणीसाठी पाठवा. मग दुसरा कान.

मात्र एक ध्यानात ठेवा. ही चाळणी आहे, मोजणी नव्हे. एकाची कुजबूज दुसऱ्यासारखी नसते, आणि लहान मूल घाबरून गप्पही बसते. शंका राहिली तर चाळणीतून सुटलेल्यालाही पाठवावे. मोजणी व्हावी ती यंत्राने आणि जाणत्या माणसाकडूनच. शाळेतल्या मुलांची तपासणी करण्यासाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. त्याचा आरंभ २०१३ साली आपल्याच राज्यात, पालघर येथे झाला. ऐकण्यातला दोष हा त्यातल्या तपासायच्या गोष्टींपैकी एक आहे. आरोग्य पथक शाळेत आले की त्या मुलाचे नाव तुम्ही आपणहून सांगा. वर्षभर त्याच्याकडे बघणारे तुम्हीच असता. मुंबईत वांद्रे येथे १९८३ साली स्थापन झालेली, अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था याच कामासाठी आहे. आणि पालकांना एवढे बजावा की फुटक्या कानात तेल किंवा पाल्याचा रस घालू नका, काडी घालून कोरू नका. कान फुटण्यामुळे आलेले कमी ऐकणे पुष्कळदा उपचाराने सुधारते. त्यात दिरंगाई मात्र महागात पडते.

तपासणीला नेण्याआधी मुलाला एक गोष्ट समजावून सांगा, कारण ती कुणी सांगितली नाही तर मूल घाबरते. या परीक्षेत "नाही आला" हे उत्तर चूक नसते. जिना नीट चालायचा तर त्याला दोन्ही उत्तरे सारखीच लागतात; मूल कधीच "नाही" म्हणाले नाही, तर उंबरठा सापडणारच नाही. शाळेत आपण मुलांना सतत बरोबर उत्तराची सवय लावतो, आणि म्हणून काही मुले ऐकू न येताही, गुरुजींना बरे वाटावे म्हणून, हात वर करतात. त्यांना सांगा, "बाळा, ऐकू आलं तर हात वर कर, नाही आलं तर स्वस्थ बस. दोन्ही बरोबरच." अगदी लहानांसाठी तपासनीस याचा खेळ करतात: स्वर ऐकू आला की एक मणी डब्यात टाकायचा. खेळ म्हटले की मूल मन लावून ऐकते, आणि मग मोजणी खरी उतरते.

दीडशेहून अधिक वर्षांच्या या खटाटोपातून एक गोष्ट घेण्यासारखी आहे. ज्याचे उत्तर आपल्याला आधीच ठाऊक आहे, तो प्रश्न कितीदाही विचारला तरी माणसाविषयी नवे काही कळत नाही. पुढच्या बाकावरच्या हुशार मुलाला सोपा प्रश्न आणि मागच्या बाकावरच्याला अवघड, असे विचारून वर्षाअखेरीस तुम्हाला पूर्वी माहीत होते तेवढेच कळते. मागच्याला एक पायरी उतरून विचारा. आले तर थोडे चढा. अडला तर पुन्हा उतरा, पण तिथेच सोडून देऊ नका. तो कुठे निम्मा आत आणि निम्मा बाहेर आहे ते दहा प्रश्नांत सापडेल. आणि अवघड-सोपे काही न होता तुमच्या फक्त आवाजाच्या चढउताराने त्याची उत्तरे सुधारत किंवा बिघडत असतील, तर त्याला रागे भरण्याआधी त्याचे कान तपासून घ्या.